चाचांच्या दुकानातलं लायसन

ती बाई ठाण्याच्या पायरीवर बसलेली आजही डोळ्यांसमोर येते, आणि ती आली की पुढचं सगळं तिच्यामागून येतं.

सकाळची हजेरी आटोपून, शिपायांना कामं वाटून मी माझ्या खोलीकडे वळत होतो. वाशिम जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ठाणेदार म्हणून मी नुकताच बदलून आलो होतो. गावाचं नाव लिहीत नाही, माणसांची तर नाहीच. ज्यांचं दुःख आहे त्यांना ते पुरेसं आहे, त्यात माझी भर नको. मी मूळचा पश्चिम महाराष्ट्राकडचा. वऱ्हाडी माणूस बोलायला लागला की पहिले काही दिवस मला तो भांडतोय असंच वाटायचं. नंतर कळलं, ही माणसं मनात काही ठेवत नाहीत, एवढंच.

मला पाहून ती बाई उठली. हातात नवऱ्याचा पासपोर्ट साईझ फोटो होता.

"साहेब, आमच्या घरचे कालपासून आले नाही," ती म्हणाली. "त्यायले शोधा. अन् त्यायची आयडी बंद करा. चाचानं एक डाव बंद केल्ती, पन ते पुन्हा चालू झाली."

बेपत्ता नवऱ्याची तक्रार घेऊन आलेली बायको काय काय सांगते, हे मला पाठ होतं. भांडण नव्हतं, दारू नव्हती, काहीच नव्हतं, असं आधी सांगतात आणि मग हळूहळू एकेक बाहेर येतं. ही बाई मात्र पहिल्याच वाक्यात मुळावर आली होती. आयडी म्हणजे काय, हे तोवर मलाही नीट माहीत नव्हतं. मोबाईलवर क्रिकेटच्या सामन्यावर किंवा पत्त्यांवर पैसे लावायचे असतील तर त्या कंपनीचं खातं काढावं लागतं. गावात त्याला आयडी म्हणत.

नवरा मंडप-डेकोरेशनचं काम करायचा. झालर बांधण्यात आणि फुलांची कमान उभी करण्यात आसपासच्या गावांत त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. आदल्या सकाळी इंझोरीला मंडपाचं माप घ्यायला जातो म्हणून त्याने मोटारसायकल काढली. आम्ही इंझोरीच्या पोलीस पाटलांना फोन लावला. तिकडे त्या आठवड्यात कोणाकडे लग्नच नव्हतं. शिवाय जाताना तो मोबाईल घरी ठेवून गेला होता. ज्याच्या हातातून मोबाईल सुटत नव्हता असा माणूस तो घरी ठेवून जातो, हे मला अजिबात आवडलं नाही.

"चाचा कोण?" मी विचारलं.

"फोटोवाले चाचा. मी त्यायच्या पाया पडाले गेली होती, तं त्यायनं पडू नाही देल्लं. म्हने, बेटी, नियमच हाये. घरच्यायनं सांगतलं का आयडी बंद करा लागते. अन् केली बी. मंग हे चांगले राह्यले, साहेब. पोरीले शाळेत सोडून द्याले लागले होते. दिवाळीले स्वतःच्या घराले कमान बांधली, कधी नाही ते." तिने हातातला फोटो पदराने पुसला. "मंग पुन्हा गोठ्यामांगं जाऊन बोलाले लागले. हळू हळू. मले वाटलं बाई हाये कोनी. मंग कान देल्ला, तं म्याचवर पैसे लावून राह्यले होते. खरं सांगतो साहेब, बाई असती तं बरं झालं असतं."

तक्रार नोंदवून घेतली. फोटो जिल्ह्यातल्या सगळ्या ठाण्यांना पाठवला. बस स्टँडवर आणि मेडशीच्या रस्त्यावरच्या धाब्यांवर दोन शिपाई पाठवले. मग माझ्या जमादाराला बोलावलं. हा माणूस याच तालुक्यातला, कोणाच्या घरी आज काय भाजी आहे हेही सांगू शकेल असा.

"साहेब, आयडी तं चाचाच्याच दुकानात भेटते," तो म्हणाला. "साऱ्या गावाले माहीत हाये. त्यात लपवाचं काय? लायसन हाये त्यायच्यापाशी."

"कशाचं लायसन?"

"जुगाराचं."

हे त्याने अगदी सहज सांगितलं. उभी हयात जुगाराच्या धाडी घालण्यात गेली, पण लायसन असलेला जुगारी मी पाहिला नव्हता. उठलो आणि दुकान गाठलं.

दुकान बाजारपेठेत, बांगडीवाल्याच्या शेजारी. पुढे ऑनलाईन अर्ज भरण्याचं टेबल, मागे पडदा लावून फोटो काढण्याची जागा. चाचा साठीच्या आसपासचे, मेंदी लावलेली दाढी, इस्त्रीचा पांढरा सदरा. गावातल्या निम्म्या दुकानांचे परवाने या माणसाने काढून दिले होते. कृषी केंद्राचं लायसन, हॉटेलचं लायसन, शॉप ॲक्ट, सगळं चाचांकडे. खत-बियाणांच्या दुकानात परवाना दर्शनी भिंतीवर लावावा लागतो, नाहीतर तपासणीला आलेला साहेब दंड करतो. त्यामुळे या भागात फ्रेममध्ये लावलेल्या कागदाला फार मान. चाचांनीही आपलं लायसन तसंच लावलं होतं. सोनेरी किनार, इंग्रजी मजकूर, कुठल्याशा बेटावरच्या सरकारचा म्हणून छापलेला शिक्का.

आणि त्याच्या खाली निळ्या शाईत आमच्या पोलीस ठाण्याचा गोल शिक्का.

मी फ्रेमजवळ जाऊन पुन्हा वाचलं. आमचाच होता.

"म्या तं ठाण्यात देऊन ठेवलं होतं, साहेब," चाचा म्हणाले. आवाजात भीती नव्हती, थोडा अभिमानच होता. "तुमच्या पह्यलेच्या साहेबाच्या टाइमले. अर्ज लिहून, लायसनची झेरॉक्स जोडून. चोरीचा धंदा आपल्याच्यानं होत नाही. त्यायनं या कागदावर शिक्का मारून देल्ला."

काय झालं असेल ते माझ्या लक्षात आलं. ठाण्यात कोणीही कागद आणून दिला की आवक टेबलावरचा कर्मचारी दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून सही करतो. त्याला पोच म्हणतात. कागद मिळाला, एवढाच तिचा अर्थ. उपोषणाची नोटीस असो की बांधाच्या भांडणाचा अर्ज, शिक्का बसतोच. पण गावात पोच म्हणजे मंजुरी. शिक्का बसला की काम झालं, असं समजून लोक तो कागद कपाटात जपून ठेवतात. चाचांनी तो भिंतीवर लावला, आणि ठाण्याचा शिक्का पाहून लोक बिनघोर पैसे लावायला लागले.

फ्रेमच्या शेजारी एक पाटी होती. चाचांच्या हाताची, मराठीत, सुबक अक्षरांत. अठरा वर्षांखालील मुलांस आयडी मिळणार नाही. दारू पिऊन दुकानात येऊ नये. घरच्यांनी सांगितल्यास आयडी बंद करण्यात येईल. लायसनमागच्या इंग्रजी अटी त्यांनी आपल्या शिकलेल्या मुलीकडून समजून घेतल्या होत्या आणि त्यातल्या आपल्या हातात असतील तेवढ्या पाटीवर उतरवल्या होत्या.

मी त्यांना ठाण्यात घेऊन आलो.

चौकशीबद्दल लोकांच्या कल्पना सिनेमातल्या असतात. प्रत्यक्षात समोरच्याला बसायला खुर्ची द्यावी, चहा सांगावा आणि आपण कमी बोलावं. खोटं बोलणारा माणूस प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देतो. खरं बोलणारा बऱ्याचदा भलत्याच गोष्टीवर चिडतो. मी चाचांना म्हणालो की परदेशातल्या परवान्यावर इथे जुगार चालवता येत नाही, हा गुन्हा आहे. त्यावर ते गप्प बसले. मी म्हणालो, तुम्ही लोकांना नादी लावलंत. त्यावरही मान खाली घातली. पण मी म्हणालो, "त्या बाईनं सांगूनही तुम्ही आयडी बंद केली नाही," तेव्हा मात्र ते ताडकन उठले.

"कोन म्हनते? मी बंद केली. तिच्या सामने केली. कंपनीले कळवलं, कंपनीचं उत्तर आलं, तिले वाचून दाखवलं. त्या पोराले मी दुकानाच्या पायरीवरून वापस पाठवलं, साहेब. दोन बार आला, दोन बार पाठवलं. अल्लाची कसम."

"मग चालू कशी झाली?"

"होऊच शकत नाही. लायसनमधी लिहून हाये."

माणूस खरं बोलत होता, याबद्दल मला शंका उरली नाही. पण खरं बोलून माझा बेपत्ता माणूस सापडत नव्हता. घरी राहिलेल्या मोबाईलमध्ये खरोखरच काही नव्हतं. जिल्ह्याच्या सायबर शाखेकडे त्याच्या कॉलची यादी मागितली होती, तीही साफ आली. बाहेर बाकावर ती बाई बसून होती. दर थोड्या वेळाने दारातून डोकावायची, माझ्याकडे बघायची आणि काही न विचारता परत जाऊन बसायची.

"मीच विचारतो कंपनीले," चाचा म्हणाले. "तुमच्या सामने विचारतो."

मी होकार दिला. जमादाराने रेकॉर्डिंग सुरू केलं. चाचांनी स्पीकरवर फोन लावला. पलीकडे विशीतला वाटावा असा कोणी पोरगा होता, मागे पंख्याचा आणि इतर फोनांचा आवाज.

"बोलो चाचा."

चाचांनी त्या माणसाचं नाव सांगितलं. त्याची आयडी मी बंद करवली होती, ती चालू कशी झाली, असं हिंदीत विचारलं.

"वो? वो तो बंद ही है, चाचा. उसको दूसरे नंबर पे नई बना दी थी. अच्छी पार्टी थी, छोड़ते कैसे? अपन ने ही फोन करके बुलाया."

"लेकिन लाइसेंस में लिखा है. घरवालों ने बोला तो दुबारा नहीं देना."

पलीकडचा पोरगा हसला. कुत्सित हसला असंही नाही, एखाद्या म्हाताऱ्याच्या भोळेपणाला हसावं तसं हसला. "चाचा, लाइसेंस तो दुकान में टाँगने के लिए दिया था. आप पढ़ने बैठ गए?"

चाचांचा चेहरा मी पाहिला आणि नजर वळवली. माणसाला हातकडी घालताना मी कधी डोळे वळवले नाहीत, पण त्या वेळी वळवले. एवढं होऊनही त्या माणसाने डोकं शाबूत ठेवलं. आवाज न बदलता त्यांनी विचारलं, "अच्छा, दूसरा नंबर कौन सा है उसका? मेरे पास नहीं है." आणि त्या पोराने तो सांगून टाकला.

बायकोला, भावाला, कोणालाच माहीत नसलेलं ते सिमकार्ड होतं. नंबर हातात येताच आम्ही सायबर शाखेला ठिकाण विचारलं. फोन चालू होता. टॉवर मेडशीच्या पलीकडचा, धरणाच्या अंगाचा. चालू आहे म्हटल्यावर मला उगाच धीर आला. बाहेर जाऊन मी त्या बाईला सांगितलंही, "फोन चालू आहे, आम्ही निघतोय." तिने दोन्ही हात जोडले आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या चाचांना म्हणाली, "मी म्हनत नव्हती, चाचाच पत्ता लावतीन?"

धरणाच्या भिंतीजवळ मोटारसायकल उभी होती. नीट स्टँड लावून, कुलूप घालून. डिक्कीत तो दुसरा, बटणांचा लहान फोन होता. पाण्याच्या कडेला चपला होत्या. पुढचं लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टीच्या पोहणाऱ्यांनी त्याला बाहेर काढलं.

पंचनामा चालू असताना, पंच म्हणून आलेले दोन गावकरी, त्याचा भाऊ आणि आम्ही असे उभे असताना तो लहान फोन वाजला. जमादाराने माझ्याकडे पाहिलं. मी उचलायला सांगितलं. "भैया, कहाँ हो? आज शाम के मैच पे आपके लिए स्पेशल बोनस है," असा आवाज आला, अगदी प्रेमळ. भावाने कानांवर हात ठेवले. मला आयुष्यात इतका राग क्वचितच आला असेल, आणि तो काढायला समोर कोणी नव्हतं. जमादाराने फोन बंद केला आणि पंचनाम्यात त्याचीही नोंद घेतली.

पुढचा तपास सोपा झाला. रेकॉर्डिंग आणि नंबरांवरून आम्ही शेजारच्या राज्यातल्या एका भाड्याच्या घरापर्यंत पोचलो. गादीवर बसून फोन लावणारी पगारी पोरं पकडली. चाचांना हसणारा त्यांच्यातच होता, आणि ठाण्यात आणल्यावर आईला फोन करू द्या म्हणून रडला. मालक परदेशात, तो आजतागायत सापडलेला नाही. त्या लायसनवर जो चौकोनी कोड होता तो मोबाईलने तपासला की "परवाना वैध" असं दाखवणारं पान उघडायचं. ते पान कंपनीनेच बनवलेलं होतं. त्या बेटावरच्या कार्यालयाला आम्ही वरिष्ठांमार्फत विचारणा केली. असा परवाना आम्ही दिलेला नाही, असं दोन ओळींचं उत्तर आलं. दिला असता तरी इथे त्याचा उपयोग शून्य होता. आता तर केंद्राचा कायदा आला आहे आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाईन खेळच बंद केले आहेत. त्या वेळी ही गोष्ट गावोगावच्या लोकांना समजावून सांगणारं कोणी नव्हतं.

चाचांना अटक करणं भाग होतं. आयडी त्यांच्या दुकानातून दिल्या गेल्या होत्या, त्यावर त्यांना कमिशन मिळालं होतं. कायद्यात भोळेपणाला सूट नाही आणि मी ती देऊ शकत नव्हतो. आम्ही दुकानात गेलो तेव्हा त्यांनी स्वतःच स्टूल घेऊन फ्रेम खाली काढली. जप्ती पंचनाम्यात तिचं वर्णन लिहायचं होतं. लेखनिक शिक्क्याच्या ओळीशी अडखळला आणि माझ्याकडे बघायला लागला. जे दिसतंय ते लिही, असं मी त्याला सांगितलं. त्यानंतर मी आवक टेबलासाठी एक वेगळा रबरी शिक्का करून घेतला, "ही केवळ पोच आहे, परवानगी नव्हे." माझ्या नंतरच्या प्रत्येक ठाण्यात तो मी करून घेतला. सहकारी हसायचे. हसू देत.

या प्रकरणातून काय शिकलात, असं मला विचारतात. उत्तर द्यायला जड जातं. परवाना म्हणजे कागद नव्हे. तो देणारा कोणी असावा लागतो, तपासणारा असावा लागतो आणि अट मोडली तर कॉलर धरणारा असावा लागतो. ते सगळे नसताना त्या कागदाला जीव लावणारा एकच माणूस होता. अटी मालकाने वाचल्या नव्हत्या, फोन लावणाऱ्या पोरांनी वाचल्या नव्हत्या. चाचांनी वाचल्या, पाळल्या, आणि त्यांच्या भरवशावर एका बाईला शब्द दिला. त्या शब्दावर विसंबून तिने नवऱ्यावरची नजर हटवली. माझं दुःख त्या जागी आहे. चोर पकडल्याचं समाधान मला त्या प्रकरणात कधी मिळालं नाही.

आरोप निश्चितीच्या दिवशी मी न्यायालयात हजर होतो. चाचा जामिनावर होते, बरेच खंगले होते. वकिलाने त्यांना पढवून ठेवलं होतं की विचारलं की "कबूल नाही" म्हणायचं, बाकी काही बोलायचं नाही. न्यायाधीशांनी आरोप वाचून दाखवला आणि विचारलं, गुन्हा कबूल आहे का?

"कबूल हाये जी," चाचा म्हणाले.

वकील धडपडत उठले. न्यायाधीशांनी त्यांना थांबवलं आणि चाचांना शांतपणे विचारलं, "परवाना खोटा आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

"नाही जी."

"जुगार बेकायदेशीर आहे हे माहीत होतं?"

"लायसन असलं का चालते, असं वाटलं होतं."

"मग तुम्हाला कबूल काय आहे?"

चाचांनी मागे वळून पाहिलं. शेवटच्या बाकावर ती बाई बसली होती. "त्या बेटीले मी सांगतलं होतं, बंद झालं, आता बेफिकीर राहा. ते कबूल हाये."

न्यायाधीश म्हणाले, हे आरोपात नाही. आणि खरोखरच नव्हतं. आम्ही लावलेल्या कलमांमध्ये ही गोष्ट कुठेच बसत नव्हती. अशी कबुली धरता येत नाही, म्हणून नियमाप्रमाणे त्यांनी नोंद केली, आरोपीस गुन्हा नाकबूल.

बाहेर व्हरांड्यात चाचा भिंतीला धरून उभे होते. ती बाई त्यांच्याजवळ गेली. मला वाटलं, आता ती बोलेल, आणि तिला बोलायचा हक्क होता. मी जवळच होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"चाचा, तुमी तं खरंच बंद केल्ती," ती म्हणाली. "मी पाह्यलं होतं."

"केल्ती, बेटी," चाचा म्हणाले. "झाली नाही."